साष्टीतल्या श्रोत्याची शंका

श्रोत्याने शंका विचारावी आणि वक्त्याने ती उकलावी, हा पुराणाचा जुना शिरस्ता. परीक्षिती विचारतो म्हणून शुक सांगतात. मराठीत एक पुराण ख्रिस्ती धर्माचेही आहे, आणि तेही अशाच एका प्रश्नातून निघाले.

पाद्री थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात उतरले, तेव्हा पैठणला नाथमहाराज हयात होते. त्याआधी १५६७ साली साष्टीतली देवळे मोडली गेली होती. मंगेश आणि शांतादुर्गा झुआरीपलीकडे अंत्रुजात गेल्या. मागे राहिले त्यांचे पोथीपुराण बंद झाले. हे दडवून पुढची गोष्ट सांगता येणार नाही, माउली.

अशा लोकांपैकी एकजण चर्चमध्ये उठून पाद्र्यांना विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांसारखे दुसरे काही का देत नाही? ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग आहे. धर्म बदलला तरी कानांची भूक गेली नव्हती. मला त्या श्रोत्याचे पाय धरावेसे वाटतात.

उत्तर म्हणून सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ झाले. १६१६ साली ते रायतूरला छापले, तेही रोमन लिपीत. पण भाषा मराठी, छंद आपला, आणि आरंभी मराठीची स्तुती ज्ञानोबांच्या वाटेने केलेली. मध्येमध्ये श्रोते अडवतात, पाद्रीगुरू उत्तर देतात. सगळीच उत्तरे मला पटतात असे नाही. विचारायला जागा ठेवली, हे पटते.

ख्रिस्ती वर्षातही ही जागा आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. शेवटी येशूचे मरण, मग पुनरुत्थानाचा सण. आणि त्या आनंदानंतरच्याच रविवारी वाचतात संत थॉमसची कथा : जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, म्हणणाऱ्या शिष्याची. देव त्याला हाकलत नाही, जखमा पुढे करतो. दर साल, नेमाने, शंकेला एक रविवार! आपल्याकडे गोरोबाकाकांनी नामदेवरायांना कच्चे मडके म्हटले, ते रुसून पंढरीला गेले. देवानेही त्यांना दूर न लोटता विसोबांकडे धाडले.

राज्यकर्त्यांना मात्र इतका धीर नव्हता. १६८४ साली व्हाइसरॉयचा हुकूम निघाला : तीन वर्षांत लोकभाषा टाकून पोर्तुगीज बोला. ज्या भाषेत त्या श्रोत्याने शंका विचारली, तीच काढून घ्यायची होती.

तरी हाताने उतरलेल्या पोथ्या ख्रिस्ती घरांत राहिल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी पुराण पुन्हा छापले.