काळ्या मातीचा चिखल आणि वाहनाची निवड : असईच्या तोफेच्या बैलांपासून एटीव्हीपर्यंत

१/ टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील गाव. भोवती काळी जमीन. मे महिन्यात या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच जमीन चाक धरून ठेवते. या चिखलातून माल न्यायचा तो कशाने, हा प्रश्न या मुलखात फार जुना आहे. एकदा तर त्याचे उत्तर रणांगणावर द्यावे लागले. त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ प्रथम मातीविषयी. दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून ही माती बनली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आकसतात. पाऊस पडला की ती वरून निसरडी आणि आतून चिकट होते. चाकावर तिचे थर बसत जातात, चाकाच्या खाचा भरतात आणि पकड नाहीशी होते. अशा वेळी जोर वाढवला तर चाक पुढे न जाता खाली जाते.

३/ म्हणून या जमिनीत केवळ ताकद उपयोगी पडत नाही. वाहनाचे वजन किती, ते जमिनीच्या किती पृष्ठभागावर पसरते आणि ओढ किती चाकांवर (किंवा किती पायांवर) वाटली जाते, या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पुढील सारा इतिहास या तीन कसोट्यांवर तपासता येतो.

४/ सर्वांत जुने यशस्वी उत्तर बंजाऱ्यांचे. त्यांचे तांडे धान्य आणि मीठ गाड्यांऐवजी बैलांच्या पाठीवर लादून नेत. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने अशा हजारो बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. टेकताना तो फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून पाय सुटतो. शिवाय एक बैल रुतला तर बाकीचा तांडा बाजूने निघून जातो. गाडी रुतली तर मागची सारी रांग थांबते.

५/ परंतु मोठी तोफ बैलाच्या पाठीवर लादता येत नाही. ती ओढावीच लागते. त्यासाठी दक्षिणेत सर्वाधिक नावाजलेले बैल म्हैसूरच्या ‘अमृतमहाल’ कळपांतील. वोडेयार राजांनी जोपासलेल्या या कळपांना टिपू सुलतानाने ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि त्यानंतर हे चपळ, काटक बैल इंग्रज फौजांच्या कामी येऊ लागले.

६/ श्रीरंगपट्टणचा कारभार पाहिलेला आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध दख्खनमध्ये उतरला. त्याचे आडाखे प्रचलित समजुतीच्या उलट होते. पावसाळा मराठ्यांना अधिक जाचेल, असे त्याला वाटे. नद्या भरल्या की त्यांच्या घोडदळाला उतार मिळणार नाही, आणि आपल्यापाशी मात्र कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्या असतील. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन त्याने भरलेली गोदावरी अशाच होड्यांनी ओलांडली. धान्यासाठी त्याची भिस्त बंजाऱ्यांवर होती.

७/ २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या बाजूस शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर एकत्र चालून जावे, असे ठरले. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीला ती फौज अपेक्षेपेक्षा बरीच जवळ, केळणा नदीपलीकडे आढळली. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ल्याचा निर्णय घेतला. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधील असई गावाजवळ लढाई झाली.

८/ दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणे पोलमान या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. त्यांच्यापाशी सुमारे शंभर तोफा होत्या आणि त्यांचा मारा उत्तम होता. समोरासमोर दोन गावे वसलेली दिसतात, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा तर्क करून वेलस्लीने नदी ओलांडण्याची जागा हेरली. तर्क खरा ठरला आणि त्याची फौज पलीकडे गेली.

९/ खरी कसोटी नंतर आली. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या तोफखान्यातील माणसे आणि बैल टिपले. बैल इतके मारले गेले की तोफा पुढे नेणे अशक्य झाले. वेलस्लीला आपल्या तोफा मागे ठेवून पायदळ संगिनींसह पुढे काढावे लागले. त्या दिवशी त्याच्या फौजेची सुमारे १,५०० हून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. उत्कृष्ट निवडलेले जनावरही मेल्यावर तोफ जागची हलत नाही, एवढे असईने दाखवून दिले.

१०/ शिंद्यांच्या तोफांचीही तीच गत झाली. फौज मागे हटली, अवजड तोफा मात्र मैदानात राहिल्या आणि शत्रूच्या हाती पडल्या. लढाईच्या निकालाला इतर कारणे होतीच. तरीही हलक्या घोडदळाची चपळाई सोडून मराठ्यांनी जड तोफखान्याचा आश्रय घेतला ही त्यांची चूक होती, असे मत टॉमस मन्रोसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच पुढे मांडले. तोफखान्याची किंमत नाकारता येत नाही. पण जे वाहन घ्यावे, त्याचे ओझेही आपणच उचलावे लागते.

११/ लढाई संपली, पण शेतकऱ्याचा चिखल संपला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमधील कित्येक गाड्यांना भरीव, बोजड चाके असत. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने हलक्या, स्वस्त गाड्यांचा कारखाना काढला तो टेंभुर्णीत. अर्थात ही टेंभुर्णी जालन्याची नव्हे, तिच्याच नावाची सोलापूर जिल्ह्यातील. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव असलेल्या चाकाने गाडीचे वजन घटले. मात्र अरुंद धाव ओल्या रानात सुरीसारखी रुते. पुढे रबरी चाकांची टायरगाडी आली, तेव्हा तो दोष काहीसा कमी झाला.

१२/ असईनंतर बरोबर १३७ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९४० रोजी, अमेरिकेतील बँटम कंपनीने एक लहान गाडी सैन्याच्या चाचणीसाठी हजर केली. तयार करण्याची मुदत होती ४९ दिवस. तारखेचे साम्य हा निव्वळ योगायोग. पण प्रश्न तोच होता : खराब वाटेवर माणसे आणि माल लवकर कसा न्यावा? सैन्याने प्रथम घातलेली वजनाची अट अवघी सुमारे ५९० किलोची होती. ती कोणालाच पाळता आली नाही. पुढे विलीसची प्रसिद्ध जीप सुमारे १,१०० किलोची झाली.

१३/ जीपचे मर्म तिच्या चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीत होते. दोन चाकांच्या ओढीत मागची चाके घसरली की गाडी संपली. चारही चाके ओढू लागली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी जोर येतो आणि माती तुटत नाही. शिवाय ‘लो’ गिअरमध्ये वेग निम्मा होऊन ओढ जवळजवळ दुप्पट होई. चार पायांच्या बैलाला जे निसर्गाने दिले होते, ते यंत्राला येथे साधले.

१४/ महाराष्ट्रात ही गाडी लवकर आली. १९४५ मध्ये के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. मुंबईत विलीस जीपचे सुटे भाग जोडण्यापासून तिच्या वाहन उद्योगाचा आरंभ झाला.

१५/ गावाचे आयुष्य मात्र जीपपेक्षा ट्रॅक्टरने अधिक बदलले. १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीशी भागीदारी करून ट्रॅक्टर उत्पादनात पाऊल टाकले. मोठ्या मागच्या चाकांमुळे ट्रॅक्टर चिखल तुडवतो, परंतु आपल्या वजनाने वाटेवर खोल चाकोऱ्या पाडतो. पुढच्या पावसात त्याच चाकोऱ्यांत बैलगाडी आणि दुचाकी अडकतात.

१६/ वजनाच्या प्रश्नाला वेगळे उत्तर १९७० मध्ये होंडाच्या ‘यूएस ९०’ या तीनचाकी गाडीने दिले. फुगीर टायर, अत्यल्प हवा. टायर पसरतो आणि दाब घटतो. पण तीन चाकांचा तोल वाईट होता. अपघातांनंतर १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी एटीव्ही आणली होती आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना ओढ असलेली. शेतावर राबणारी ‘युटिलिटी’ एटीव्ही येथून रुळली.

१७/ मग आज निवडताना काय पाहावे? इतिहासाचा क्रम तोच सांगतो.
• इंजिनाच्या आकड्याआधी वजन. अशी एटीव्ही साधारणतः ३०० किलोच्या आसपास असते.
• टायरच्या खाचा खोल आणि विरळ हव्यात, म्हणजे माती झडून जाते.
• ‘फोर व्हील’ म्हटले तरी पुढची दोन्ही चाके एकत्र ओढतात का, हे विचारावे. नाहीतर जोर घसरत्या चाकाकडेच जातो.
• लो गिअर आणि पुढे विंच असावा.
• मागच्या कॅरिअरवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक ओझे घालू नये. उतारावर तोल त्यानेच जातो.

१८/ एक अडचण कायद्याची. भारतात बहुतेक एटीव्ही सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत. २०२१ मध्ये पोलॅरिसने रस्त्यावर चालवता येणारी एटीव्ही आणली, ती ट्रॅक्टर म्हणून नोंदवून. खेळाचे यंत्र म्हणून ओळखले जाणारे वाहन कागदोपत्री शेतात परतले, ते असे.

१९/ आणि सर्वांत महत्त्वाचे. वाहन कोणतेही घेतले तरी ते एकाच्या दारी असते, वाट मात्र साऱ्या गावाची असते. शेतातला कापूस, शाळेला निघालेले मूल, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, हे सारे पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर अडतात. म्हणूनच राज्य शासनाला २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ योजना आखावी लागली. वेलस्लीला एका मोसमापुरता चिखल ओलांडायचा होता. टेंभुर्णीच्या शेतकऱ्याला तो दर पावसाळ्यात ओलांडावा लागतो. त्याच्यासाठी हलके यंत्र ही सोय आहे, पण खरा उपाय म्हणजे मुरूम टाकून दाबलेली, पाण्याला वाट करून दिलेली पाणंद.

(समाप्त)