गुलामगिरी : अर्पणपत्रिका
अब्राहम लिंकन यांचा १८६३ मधील दास्यमुक्तीचा जाहीरनामा आणि १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती यांनी अमेरिकेतील गुलामी कायद्याने संपली. या मुक्तीचा पडसाद महाराष्ट्रात जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात उमटला. फुल्यांनी मात्र ग्रंथ वाहिला तो राज्यकर्त्याला नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना, आणि हा भेद मोलाचा आहे. इंग्रजीतील या अर्पणपत्रिकेत, म्हणजे ग्रंथ कोणाला वाहिला ते सांगणाऱ्या मजकुरात, देशबांधवांनी तोच कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी कळकळ आहे. ग्रंथाचा गाभा जोतीराव व धोंडीबा यांच्या मराठी संवादाचा आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला.