ॲबिंग्डनची मोटार

श्रोतेहो, जुन्या मोटारींची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्सरॉइस उभ्या राहतात. शिकारीचे दिवे, मखमली गाद्या, पुढे शिपाई. त्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि त्यांची काळजी वाहायला धनिक मंडळी समर्थ आहेत. मी आज जिची हकीकत सांगणार आहे ती एक साधी, भरपूर खपलेली, आणि भरपूर खपली म्हणूनच बाजारात मान न मिळालेली विलायती मोटार आहे. तिचं नाव एम.जी.बी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती इंग्लंडात बनत होती.

तुम्ही म्हणाल, अहो, आम्हाला एस.टी.ची वाट बघण्यात तास जातो, त्या दोन माणसांच्या शौकिनी गाडीचं आम्ही काय करावं? जरा धीर धरा. तिचा आणि आपला एक धागा आहे, आणि तो चांगला बळकट बिडाचा आहे.

आधी ही ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे माल वाहायला बैलगाडी असते, आणि शंकरपटात पळवायला छकडा असतो. छकड्यात ज्वारीची पोती मावत नाहीत. तो हलका, बुटका आणि हाकणाऱ्याच्या हाताशी इमान राखणारा. स्पोर्ट्‌स कार म्हणजे मोटारींतला छकडा. दोन माणसं, कापडी टप, जमिनीलगत बैठक. उपयोग विचाराल तर थोडा. हौस विचाराल तर काही विचारू नका.

ऑक्सफर्ड गावात विल्यम मॉरिस नावाचा एक सायकल दुरुस्त करणारा माणूस होता. सायकलीवरून तो मोटारींवर आला आणि पुढे लॉर्ड नफील्ड झाला. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानाचा कारभार १९२२ साली सेसिल किंबर याच्याकडे आला. किंबरला मॉरिसच्या साध्यासुध्या मोटारी बघवेनात. त्याच सांगाड्यावर तो देखणी, चपळ बांधणी चढवू लागला. दुकानाच्या नावातली पहिली दोन अक्षरं, एम. आणि जी., गाडीवर चढली. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी, एका कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या जागेत गेला. नाव किंबरने कमावलं, पण मालकी मॉरिसची. १९४१ साली किंबरला तिथून बाहेर पडावं लागलं, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. आपल्या गाड्यांना पुढे अमेरिकेत काय भाग्य लाभलं, हे बघायला तो राहिला नाही.

ते भाग्य महायुद्धाने आणलं. युद्धानंतर इंग्लंडचा खजिना रिकामा होता. सरकारचं धोरण असं की जो परदेशी माल विकील त्याला पोलाद. त्याच सुमारास इंग्लंडात राहून गेलेले अमेरिकन शिपाई तिथल्या या चिमुकल्या गाड्यांच्या प्रेमात पडले होते. १९४५ ते १९४९ या काळात एम.जी.ची टी.सी. नावाची गाडी सुमारे दहा हजार बनली, आणि अमेरिकेला या छंदाची पहिली चव लागली. १९५५ मध्ये एम.जी.ए. आली, ती लाखाच्या घरात गेली. आणि १९६२ मध्ये आपली एम.जी.बी.

ही गाडी सिड एनेव्हर या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली झाली. तिचा आकार मुख्यतः डॉन हेटरचा. आधीच्या गाड्यांना खाली लाकडी घराच्या वाशांसारखा वेगळा सांगाडा असे आणि त्यावर पत्रा. एम.जी.बी.ला तो नाही. पत्र्याच्याच घड्या, पेट्या आणि नळ्या एकमेकींना जोडून सगळी काया उभी केली. त्यामुळे ती आधीच्या गाडीपेक्षा लांबीला आखूड, तरी आत ऐसपैस झाली. दारांच्या काचा हँडल फिरवून वर-खाली होऊ लागल्या. आज यात काय विशेष वाटणार? पण एम.जी.ए.च्या मालकाला पाऊस आला की काढघालीचे पडदे खोचावे लागत. ताशी शंभर मैलांच्या थोडी वर ती जाई. १९६६ साली जर्मनीत न्युरबुर्गरिंगच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चौऱ्याऐंशी तासांची शर्यत झाली, ती एका एम.जी.बी.ने जिंकली.

आता तो धागा. एम.जी.बी.चं इंजिन खास तिच्यासाठी घडवलेलं नव्हतं. १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन ही दोन घराणी एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, आणि तिच्या ‘बी’ मालिकेचं चार सिलिंडरांचं बिडाचं इंजिन सगळ्यांच्या वाट्याला आलं. कुटुंबाच्या मोटारीला तेच, शर्यतीच्या गाडीला तेच. एम.जी.बी.त ते १७९८ सी.सी.चं करून बसवलं. त्याचंच १४८९ सी.सी.चं भावंड मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं. आणि ती मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजे पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली ॲम्बॅसडर! ज्या पांढऱ्या गाडीतून कलेक्टरसाहेब दुष्काळ पाहायला येत, तिच्या आणि कॅलिफोर्नियातल्या शौकिनाच्या लाल गाडीच्या पोटात एकाच घराण्याचं यंत्र धडधडत होतं. ते राकट, दुरुस्तीला सोपं, आणि गावठी मिस्त्रीलाही समजणारं होतं. एम.जी.बी. टिकली त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे.

ॲबिंग्डनच्या कारखान्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तिथे सरकता पट्टा नव्हता. काया दुसरीकडे तयार होऊन, रंगून यायची. इंजिनं कॉव्हेंट्रीहून यायची. आणि कामगार एका टप्प्यावरचं काम झालं की गाडी हातांनी पुढच्या टप्प्याकडे ढकलायचे. पाच लाखांहून अधिक एम.जी.बी. अशा हातांनी ढकलत ढकलत पुऱ्या झाल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अटलांटिक ओलांडून गेल्या.

मग दिवस फिरले. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड ही आणखी मोठी मोट बांधली गेली. लेलँड हे नाव आपल्याला ट्रकवरून ठाऊक आहे. या मोटेत एम.जी.ची जुनी स्पर्धक ट्रायंफही होती, आणि नव्या वरिष्ठांचा ओढा ट्रायंफकडे. एम.जी.बी.ला नवीन रूप द्यायला पैसा कोणी काढीना. तिकडे अमेरिकेत सुरक्षिततेचे आणि धुराचे कायदे कडक झाले. गाडीची टक्कर घेणारी पट्टी, म्हणजे बंपर, ठरावीक उंचीवर असावा आणि हलक्या धडकेत गाडीला इजा होऊ नये, असा नियम आला. १९७४ च्या अखेरीस एम.जी.बी.चे चकचकीत क्रोमचे बंपर गेले, आणि नाकावर नि पाठीवर काळ्या रबरासारखे जाडजूड ठोकळे बसले. उंचीचा नियम पाळायला अख्खी गाडी दीड इंच उचलली. छकडा उचलून त्याची बैलगाडी केली म्हणा ना! वळणावर ती डोलू लागली. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन धुराच्या नियमांपायी आणखी मंदावलं. शौकिनांनी नाकं मुरडली. पण गंमत अशी की गाडी खपतच राहिली.

१९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डन गावाने आपल्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मिरवणूक काढली, उत्सव केला. तो संपतो न संपतो तोच सोमवारी, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. मालकांचं म्हणणं, अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे तोटा होतो. पौंडाचा भाव तेव्हा चढला होता, ते खरं आहे. पण ज्या गाडीवर वर्षानुवर्षं काही खर्च केला नाही तिलाच तोट्याचा दोष द्यायचा, हे मला तरी शेताला खत न घालता पिकावर रागावण्यासारखं वाटतं. ॲस्टन मार्टिनच्या मंडळींनी पुढाकार घेऊन कारखाना विकत घ्यायचा प्रयत्न केला, तोही फसला. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली. एम.जी. हे नाव नंतर पुष्कळ हिंडलं. २००५ मध्ये ती कंपनी बुडाल्यावर ते चीनमध्ये गेलं, आणि २०१९ पासून गुजरातेत हालोल इथे त्या नावाच्या मोटारी तयार होतात. त्यांचा ॲबिंग्डनशी संबंध अक्षरांपुरताच.

इथून या गाडीचं दुसरं आयुष्य सुरू होतं, संग्राहकांच्या घरचं. जॅग्वारची ई-टाइप ही त्याच काळातली गाडी. ती सुमारे बहात्तर हजार बनली. एका चांगल्या ई-टाइपच्या पैशांत चांगल्या एम.जी.बी. चार-पाच तरी येतील. दुर्मिळ ते मोलाचं, असा बाजाराचा न्याय. गावात ज्याच्या त्याच्या दारी असलेल्या पितळी घंगाळाला कोण विचारतो? मोडीत निघून शेवटचं एक उरलं की ते दिवाणखान्यात येतं.

पण विपुलतेचं एक सुख आहे. एम.जी.बी.चा बहुतेक प्रत्येक सुटा भाग इंग्लंडात आज नवा मिळतो. इतकंच काय, १९८८ साली जुने साचे शोधून काढून ऑक्सफर्डशायरमध्ये तिची संपूर्ण नवी काया पुन्हा बनवायला सुरुवात झाली. त्यामुळे एखाद्या शाळामास्तरालाही ही गाडी बाळगता येते. ती खाते, पण जमीन विकायला लावत नाही.

घेणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवले पाहिजेत, कारण तिचा वैरी इंजिनात नसून पत्र्यात आहे. दाराखालच्या पट्टीला इंग्रजीत सिल म्हणतात. आपण उंबरठाच म्हणू. एम.जी.बी.चा उंबरठा वाड्यातल्या तुळईसारखा भार घेतो. तो पत्र्याच्या तीन थरांचा. आत पाणी आणि चिखल साचला की गंज आतून पोखरीत येतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. लबाड विक्रेता वरून नवीन पत्र्याची पट्टी मारतो. पण दार लबाडी करीत नाही. दार आणि चौकट यांच्यातली फट वर एक, खाली एक अशी दिसली, किंवा जॅकवर गाडी उचलल्यावर दार अडकू लागलं, तर समजावं की कणा मोडत आलेला आहे. पुढच्या चाकांच्या खिळ्यांना दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावं लागतं. ते न दिलेल्या गाडीचं स्टिअरिंग घट्ट होतं. मागच्या बाजूला पेट्रोलचा एक विजेचा पंप असतो, तो टक-टक वाजतो. वाजायचा थांबला की जाणता मालक खाली वाकून त्याला हातोडीच्या दांड्याने एक टिचकी मारतो आणि पुढे निघतो. यात थट्टा नाही, सर्रास चालणारा उपाय आहे.

खरा पेच मला वाटतो तो त्या काळ्या बंपरांचा. रबरी बंपरवाली गाडी आणखी स्वस्त, कारण ती कुणाला आवडत नाही. म्हणून बरेच मालक ती घेतात, ठोकळे काढून टाकतात, क्रोम चढवतात, गाडी दीड इंच खाली आणतात. गाडी देखणी होते, वळणावरही सुधारते. तो मालकाचा हक्क आहे. परंतु, शिक्षक बंधूंनो, तुम्ही इतिहास शिकवता म्हणून तुम्हाला विचारतो. १९७४ ची गाडी १९६४ ची दिसू लागली, तर मधल्या दहा वर्षांचं काय झालं? अमेरिकेचा कायदा, लेलँडची कंजुषी, ॲबिंग्डनच्या कामगारांची घालमेल, हे सगळं त्या काळ्या ठोकळ्यांत लिहिलेलं आहे. शिलालेखातली आपल्याला न आवडणारी ओळ आपण छिन्नीने काढत नाही. मी असतो तर ठोकळे तसेच ठेवले असते. फार तर गाडी थोडी खाली घेतली असती, कारण वळणावर जीवही सांभाळायचा असतो.

आणि संपूर्ण काया नवी घातलेली गाडी? ती जुनी म्हणायची की नवी? यावर तिथले लोक तासन्‌तास वाद घालतात. जीर्णोद्धार केलेल्या देवळाला आपण जुनंच म्हणतो, पण त्याचे जुने दगड कुठे गेले हेही विचारावं लागतं. पत्रा पोकळ झाला असेल तर नवी काया घालण्यात पाप नाही. मात्र कागदोपत्री तसं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही.

आपल्याकडची ॲम्बॅसडर २०१४ मध्ये बंद झाली. तीही ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर असलेली, म्हणून पुष्कळ भंगारात गेली. २०२१ साली भारत सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले आहेत. तालुक्याच्या गावी एखाद्या जुन्या वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या अंगणात ताडपत्रीखाली १९७० च्या आधीची ॲम्बॅसडर उभी असेल, तर मुलांना घेऊन जरूर जा. तिचे कागद जपले आहेत का ते विचारा. आणि मालकांनी बॉनेट उघडू दिलं, तर ते चार सिलिंडरांचं बिडाचं इंजिन मुलांना दाखवा, नकाशावर उत्तरपाडा दाखवा, आणि मग ॲबिंग्डन.