शिपायाच्या मज्जातंतूंचा बाजार

पहिल्या महायुद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या आठवणींतून आणि सरकारी दप्तरांतून लिहिला गेला. परंतु त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतील जाहिरातींचे रकाने चाळले, तर त्याच युद्धाची एक निराळी बखर हाती लागते. लंडनच्या 'फॉस्फेरीन' या टॉनिकची जाहिरात पाहा. शिपायाचे चित्र, त्याचे नाव, त्याची पलटण, आणि औषधाने आपण पुन्हा उभे राहिलो असे सांगणारे त्याच्या नावाने छापलेले पत्र. शेजारी निद्रानाश, थकवा, मज्जातंतूंचे दौर्बल्य, इन्फ्लुएंझा अशी व्याधींची लांबलचक यादी. व्याधी अनेक, बाटली एक!

शिपायाचे दुखणे मात्र खोटे नव्हते. १९१५ च्या फेब्रुवारीत डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकातून 'शेल-शॉक' हा शब्द वैद्यकात आणला. धडधाकट तरुणांची वाचा बसे, हातपाय थरथरत, झोप उडे. ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० सांगितली जाते. सैन्याने त्यांच्या कागदांवर दोन अक्षरे वापरली: शत्रूच्या माऱ्याने झालेले दुखणे असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी; नाहीतर 'एस', म्हणजे नुसता आजारी. पहिल्या अक्षराला मान होता आणि पेन्शनचा आधार होता. दुसऱ्याला दोन्ही नव्हते. १९१७ साली तर 'शेल-शॉक' हा शब्द लिहिण्यावरच निर्बंध आले. अधिकाऱ्याचा आजार 'न्यूरॅस्थेनिया' ठरे, साध्या शिपायाचा 'हिस्टेरिया'. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांतले काही मनाने खचलेले रुग्ण होते. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली.

आता असा शिपाई घरी परतल्यावर बाटली का विकत घेई, हे समजणे अवघड नाही. डॉक्टरपुढे जावे तर भित्रा ठरण्याची धास्ती. औषधाच्या दुकानात कोणी काही विचारत नव्हते. जाहिरात त्याला भित्रा म्हणत नव्हती, 'तुझे मज्जातंतू थकले आहेत' एवढेच म्हणे. सरकारने जो शब्द काढून घेतला, तो दुकानदाराने पैसे घेऊन परत दिला.

बाटलीत होते काय? त्या काळी अतिशय गाजलेले 'सॅनॅटोजेन' घ्या. ते मूळ बर्लिनच्या कंपनीचे. युद्ध सुरू असतानाच त्याचा इंग्लंडमधील धंदा ब्रिटिश मालकांकडे गेला. त्या भुकटीत सुमारे ९५ टक्के दुधातील केसीन आणि बाकी ग्लिसरोफॉस्फेट नावाचा क्षार असे. म्हणजे अन्न म्हणून वाईट नव्हे. पण तोफांनी मोडलेले मन त्याने सांधले जाईल, याला आधार नव्हता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ व १९१२ साली अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून दोन पुस्तके काढली. जाहिरातींवर जगणाऱ्या अनेक वर्तमानपत्रांनी त्यांची जाहिरातसुद्धा घेतली नाही. पुढे पार्लमेंटच्या समितीने चौकशी करून कडक कायद्याची शिफारस केली. तिचा अहवाल बाहेर पडला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ज्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी! अहवाल फडताळात गेला आणि गिऱ्हाइके खंदकात गेली. शिवाय पेटंट औषधांच्या बाटलीवर सरकारी तिकिटाचा कर होता. प्रत्येक विक्रीत सरकारचाही वाटा होता.

१९२१ च्या मध्याला ब्रिटनमध्ये २० लाखांहून अधिक बेकार होते. त्याच सुमारास मनोविकारांसाठी पेन्शन घेणारे माजी सैनिक सुमारे ६५,००० होते. १९२२ च्या सरकारी समितीने सांगितले की असे मानसिक खचणे लढाईतील जखम म्हणून धरू नये. येथे जाहिरातीचे खरे कार्य ध्यानात येते. युद्धाने केलेली इजा ही सरकारवरील देणे होती. जाहिरातीने तिला शिपायाचा खासगी अशक्तपणा बनवले. धनकोच गिऱ्हाईक झाला! गिरणीच्या खात्यात बारा तास उभे राहून खंगलेल्या कामगारालाही असेच टॉनिक सुचवले जाई. कामाचे तास कमी करा, असे कोणतीही बाटली म्हणत नाही. तास कमी झाले ते संघटनेने.

ब्रिटनमध्ये औषधाच्या वेष्टनावर घटक लिहिणे सक्तीचे झाले ते १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना. आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने ज्या व्याधींवरील उपायांची जाहिरात मना केली, त्यांच्या यादीत मज्जातंतूंचे दौर्बल्यही आहे. कायदा हवाच होता. पण कायदा खोट्या बाटलीला अडवतो. खऱ्या दुखण्याची दाद लावणे हे त्याच्याने होत नाही. खचलेल्या माणसाला औषधोपचार, पेन्शन आणि मानाचे काम मिळेपर्यंत, नव्या नावाची बाटली विकणारा कोणीतरी त्याच्या दाराशी उभा राहणारच.