चाळ सुटल्यावरची हळहळ

मंडळी, मला नाचता अजिबात येत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी मला मागच्या रांगेत झाड करून उभं केलं होतं :) पण नाच बघायचं वेड मात्र लहानपणापासूनचं. कथक असो, भरतनाट्यम असो, रशियन बॅले असो की लावणी, कुठे पाय थिरकताना दिसले की हातातलं काम राहिलंच म्हणून समजा. महागावात राहून बॅले बघायचा म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरच. तेवढ्यावर भागवते.

नाचाच्या चाहत्यांच्या नशिबी दोन प्रकारच्या बातम्या ठरलेल्या असतात. एक गदारोळाची, दुसरी निधनाची. मी दोन्ही एकाच वहीत चिकटवत आले. परवा ती वही चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. गदारोळ होतो तो नाचावर, हळहळ होते ती मरणावर. मधली चाळीस-पन्नास वर्षं ती बाई काय खात होती, कुठे झोपत होती, आजारी पडली तर कोण बघत होतं, याचं एकही कात्रण त्या वहीत नाही. म्हणून आज जरा जुनं खोदायला बसले आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमच्या भागात तमाशा पोचायचा तो मुख्यतः जत्रेच्या वाटेने. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातली जत्रा तुम्हाला माहीत असेलच. तिथे घोडे, गाढवं, बैल यांचा बाजार आणि बाजूला तमाशाचे फड. आमचे मोठे बाबा दरवर्षी हदगाव, अर्धापूर, नांदेड करत एसटीने जायचे. परत आले की अंगणात चारचौघांना फड कसा रंगला ते सांगायचे आणि आम्ही बायका दाराआडून ऐकायचो. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग हा क्रम मी असाच ऐकून पाठ केला. प्रत्यक्ष लावणी पाहिली ती खूप पुढे, नागपूरला, ‘खास महिलांसाठी’ असा बोर्ड लावलेल्या खेळाला. आजी मात्र दाराआडून एकदाच बोलली होती, “नाचनारीचे पाय साऱ्यायले दिसते, तिचं पोट कोनाले दिसत नाही.” आजी शाळेत गेलेली नव्हती. पण माझ्या अख्ख्या वहीचा सारांश तिने तेव्हाच सांगून टाकला होता.

आता इतिहास. पूर्वी तमाशात बाई नव्हतीच, नाच्या पोऱ्या नाचायचा. आमच्याकडच्या दंडारीत अजूनही साडी नेसून पुरुषच नाचतात. फडावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून नाव घेतात ते पवळा हिवरगावकरचं. महार समाजातली ही पोर पठ्ठे बापूरावांच्या फडात आली आणि मुंबईच्या थिएटरांत दोघांनी लोकांना वेड लावलं. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तेव्हा केवढा गदारोळ उठला असेल, कल्पना करा! पण तो कशावरून? ब्राह्मण बाटला यावरून. बापूरावांनी घरदार, कुलकर्णीपण सोडलं ही गोष्ट आपण आजही कौतुकाने सांगतो. पवळाने काय सोडलं, काय सोसलं, हे कुणी सांगत नाही. ती १९३९ मध्ये गेली, बापूराव १९४५ मध्ये. दोघांचेही शेवटचे दिवस हलाखीचे. ज्यांच्या गाण्यांवर मुंबईने पैसे उधळले त्यांची ही गत.

पुढे स्वातंत्र्य आलं आणि बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने १९४७-४८ च्या सुमारास तमाशावर बंदीच घातली. कारण अश्लीलता. गंमत म्हणजे ही बंदी आपल्या महागावला लागू नव्हती. आपण तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. पैनगंगेपलीकडचं नांदेड निजामाच्या राज्यात. म्हणजे एकच लावणी एका प्रांतात गुन्हा आणि पलीकडे करमणूक! कलावंतांनी सरकारकडे दाद मागितली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून बंदी उठली. वगाची संहिता आधी तपासून घ्यायची, भाषा ‘शुद्ध’ ठेवायची वगैरे. सुधारणा झाली ती शब्दांची. नाचणाऱ्या बाईला रात्रीचे किती मिळतात, ते तिच्याच हातात पडतात का, हे प्रश्न सुधारणेच्या यादीत वरचे कधीच नव्हते.

विठाबाई नारायणगावकर याच काळात मोठी झाली. जन्म १९३५, पंढरपूरचा. बाप आणि चुलता म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, त्यांचाच फड. पोटुशी असताना ती फडावर उभी होती, मधेच कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आली, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. पोट सपाट दिसल्यावर लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच तिला विश्रांती घ्यायला सांगितलं, असंही सांगतात. ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो, नाही? काय जिद्द, काय कलेवरची निष्ठा! मला मात्र ती ऐकली की आजी आठवते. नऊ महिने भरलेली बाई फडावर का होती? सुट्टी घेतली तर खेळ मोडतो, खेळ मोडला तर फडातल्या सगळ्यांची चूल बंद, म्हणून. तिथे निष्ठा होतीच, पण नाइलाजही तेवढाच होता.

ही विठाबाई राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेली. १५ जानेवारी २००२ ला गेली तेव्हा हॉस्पिटलचं बिल भरायला देणग्या गोळा कराव्या लागल्या. नंतर सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिचं बिल वर्गणीतून भागलं तिच्याच नावाने लाखांचा धनादेश दिला जातो, तेव्हा टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतो.

आपल्या सिनेमांनीही हेच केलं. ‘पिंजरा’ (१९७२) कितीदा पाहिलाय आपण! शांतारामबापूंचा सिनेमा, संध्या, डॉ. लागू. तमाशातल्या बाईमुळे आदर्श मास्तराचा ऱ्हास. मी तो कधीही बघू शकते, इतका आवडतो. पण रडू येतं ते मास्तरांसाठी, कारण कथाच मास्तरांची आहे. सभ्य माणूस घसरला की शोकांतिका होते. नाचणारी बाई रोज कुठल्या ना कुठल्या गावी काय काय झेलते, ती मात्र रोजचीच बाब. तिची कोण शोकांतिका करणार?

आता घरच्यांसाठी थोडं. (नातेवाईक मंडळी, तुम्ही हे वाचता ते मला माहीत आहे!) पुण्याला शिकणाऱ्या आपल्या भाचीने गॅदरिंगला नऊवारी नेसून लावणी केली, तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर आला आणि मला दोन फोन आले. “आपल्या घरात असले नाच चालत नाहीत, तू तिला समजाव.” चार वर्षांपूर्वी हिच्याच अरंगेत्रमला आपण गाडी करून गेलो होतो, आठवतंय? तेव्हा कौतुकाने डोळे पुसले होते सगळ्यांनी.

पण भरतनाट्यमचा इतिहास काय आहे? ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तोही ‘असला नाच’च होता. त्याला सदिर म्हणायचे आणि तो नाचायच्या देवदासी. तंजावरला आपल्या मराठी सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी त्याची आजची घडी बसवली. विसाव्या शतकात त्याच्यावर गदारोळ झाला, १९४७ मध्ये मद्रासमध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. दुसरीकडे रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र काढलं आणि चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या मुली तो नाच शिकू लागल्या. नाच वाचला, सन्मानाचा झाला. पण ज्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांतल्या बालसरस्वतींसारखी काही मोजकी नावं सोडली तर बाकीच्या बायका कुठे गेल्या? नाच देव्हाऱ्यात आणि नाचणारी दाराबाहेर. म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलं, लावणी कर, पण ती कुणाकडून आली ते माहीत करून घे. वाईच्या यमुनाबाई वाईकर नुसती बसून अदाकारी करायच्या आणि सभागृह गप्प व्हायचं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी!

बरं, भानगडी काय फक्त आपल्याकडेच होतात? १७ जानेवारी २०१३ ला मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरचा कलादिग्दर्शक सर्गेई फिलिन याच्या तोंडावर ॲसिड फेकलं गेलं. या कटात त्याच थिएटरचा एक प्रमुख नर्तक, पावेल दमित्रिचेंको, दोषी ठरला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. ती बातमी वाचून मी दोन दिवस सुन्न होते. जगभर चर्चा झाली, पण ती माणसांची, मत्सराची, थिएटरमधल्या राजकारणाची. बॅले अश्लील आहे, बॅले बंद करा, असं काही रशियाने म्हटलं नाही.

आपल्याकडे उलटं. २००५ मध्ये डान्सबार बंद झाले. तेव्हा सुमारे ७५ हजार बायकांचा रोजगार गेल्याचा आकडा सांगितला जाई. त्यांत नाचगाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या समाजांतल्या मुलीही होत्या. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! म्हणजे तोच नाच झुंबराखाली चालतो, ट्यूबलाइटखाली नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधल्या आठ वर्षांत त्या बायकांनी काय केलं, ते मात्र कुठल्याही निकालाने भरून येणारं नव्हतं. गौतमी पाटीलचंच घ्या. तिच्या हावभावांवर २०२२ मध्ये सगळा महाराष्ट्र बोलत होता, तिने माफीही मागितली. पुढच्या वर्षी कपडे बदलताना कुणीतरी तिचं चोरून चित्रण केलं आणि ते फिरवलं गेलं. मला विचाराल तर खरी अश्लीलता ती होती, आणि ती मंचावर नव्हती.

आणि निधनाच्या बातम्या? तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, सुपाऱ्या ठरतात. हंगाम उभा करायलाच मालकांनी उचल घेतलेली असते आणि ती फिटते याच सुपाऱ्यांतून. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला. देशभरातल्या लॉकडाऊनचा तोच पहिला दिवस! त्या वर्षी जत्राच नव्हत्या, पुढच्या वर्षीही नाहीत. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. शिवाजी महाराजांची भूमिका करणारी, पुरुषांच्या भूमिका पुरुषांपेक्षा दमदार करणारी बाई. आणि २०२३ मध्ये कोपरगावच्या बसस्टँडवर लावणी म्हणणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्या शांताबाई कोपरगावकर होत्या, एकेकाळी लालबागचं हनुमान थिएटर गाजवलेल्या. व्हिडिओ फिरला म्हणून त्यांना शिर्डीच्या वृद्धाश्रमात आसरा मिळाला. न फिरता तर? मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा बोटांची ती अदा अजून तशीच होती. मला पुढे बघवलं नाही.

असो. तमाशा वाचला पाहिजे, लावणी जगली पाहिजे, अशी भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. लावणी जगेल हो, तिची काळजी नको. सिनेमात जगेल, गॅदरिंगमध्ये जगेल. माझं म्हणणं नाचणाऱ्या बाईपुरतं आहे. गावच्या जत्रेला फड आला तर सुपारी ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर द्या. कपडे बदलायला आडोसा, प्यायला पाणी, रात्री खेळ संपल्यावर धड झोपायला जागा द्या. शिट्टी मारणारा तुमचा पोरगा असेल तर त्याचा कान धरा. म्हातारपणाचं मानधन मागायला एखादी कलावंतीण तालुक्याच्या कचेरीत कागद घेऊन उभी दिसली, तर तिचा अर्ज भरून द्या. हे सगळं ती नाचत असताना आणि जिवंत असताना करायचं आहे. श्रद्धांजलीचे मेसेज काय, ते आपण तसेही पाठवतोच.