ओव्याचं फूल आणि हिरड्यांचं रक्त

हिरडीतून रक्त आलं की घरात कुणी लवंगेचं तेल लावायला सांगतं, कुणी ओवा चघळायला. सोबत एक वाक्य ठरलेलं असतं: हे आपल्याकडे हजारो वर्षांपासून चालत आलंय. आज मी ओव्याच्या तेलाचा इतिहास सांगणार आहे. त्यात हे वाक्य कुठे खरं आणि कुठे अपुरं, ते नेमकं दिसतं.

सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ विकार दिले आहेत. त्यातल्या 'शीताद' विकारात हिरड्यांतून रक्त येतं आणि त्या मऊ पडून झडू लागतात. उपाय म्हणून दूषित रक्त काढणं, काढ्याच्या गुळण्या आणि चूर्ण चोळणं सांगितलं आहे. तोंडात धरायला जे तिळाचं तेल सांगतात, ते घाण्याचं. वाफेवर काढलेलं सुगंधी तेल ही निराळी वस्तू. मराठीत दोन्हींना 'तेल'च म्हणतात, म्हणून गफलत होते.

ओव्याचं तेल या दुसऱ्या जातीचं. १९व्या शतकात उज्जैनकडे ओव्याचा अर्क काढत. त्यातून मिळणारे पांढरे स्फटिक बाजारात 'ओव्याचं फूल' म्हणून विकले जात. रसायनशास्त्रज्ञांनी तपासलं, तर ते थायमॉल निघालं. युरोपात थाइम या झुडपाच्या तेलातून ते १७१९ मध्येच वेगळं केलेलं होतं. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्याचं थायमॉल बने. १९१४ मध्ये युद्धाने हा रस्ता बंद केला.

तोवर थायमॉल अमेरिकेत बाटलीत शिरलं होतं. १८७९ मध्ये सेंट लुईसच्या डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी थायमॉल, मेंथॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि विंटरग्रीनचा अंश मद्यार्कात मिसळून एक जंतुनाशक तयार केलं. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं लिस्टरीन. १८९० मध्ये विलोबी मिलर यांचं तोंडातल्या जंतूंवरचं पुस्तक आलं. १८९५ पासून लिस्टरीन दंतवैद्यांना विकलं जाऊ लागलं. पुढे जाहिरातींनी ते सर्दीवरही चालतं असं सांगितलं. १९७५ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने हा दावा खोटा ठरवून जाहिरातीतच दुरुस्ती छापायला लावली.

मग सगळं थोतांडच का? नाही. सहा-सहा महिन्यांच्या चाचण्यांत दातांवरचा मऊ थर आणि हिरड्यांची सूज खरोखर कमी झाली. थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं. पण २००५ मध्ये हे द्रव्य दोऱ्याने दातांच्या फटी साफ करण्याइतकंच गुणकारी असल्याची जाहिरात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिशाभूल करणारी ठरवली.

मर्यादा इथेच आहे. मऊ थरात क्षार साचून त्याचं दगडासारखं कीट झालं की कोणतंही तेल ते विरघळवत नाही. हिरडीखाली, दात आणि हिरडीमधल्या खोल फटीतही गुळणी पोचत नाही. त्या बाटलीत थायमॉल होतं अवघं ०.०६ टक्के. निव्वळ तेल हिरडीवर चोळलं तर ती पोळते. शिवाय लवंगेच्या तेलाने ठणका थांबला, तरी आतलं हाड झिजतच राहतं.

म्हणून ओव्याचा अभिमान जरूर बाळगा. पण रक्त येतच राहिलं, तर कीट काढायला दंतवैद्याकडे जा. सुश्रुतानेही दातांवरची 'शर्करा' शस्त्रानेच काढायला सांगितली आहे.