पानचिंचोळीची चिंच

लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोळीची चिंच आंबटगोड चवीसाठी ओळखली जाते. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. बियांपासून वाढलेले चिंचेचे झाड फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते, म्हणून बांधावरची चिंच बहुधा आजोबांनी लावलेली आणि नातवाने झोडपलेली असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आकडे गाभुळतात, टरफल गरापासून सुटते. मग चिंच फोडणे सुरू होते: टरफल काढायचे, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. हे किचकट काम मुख्यतः बायकाच करतात. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीला आंबटपणा येतो तो चिंचेच्या कोळाने.